परीक्षकाला बांधलेला फेटा

वक्ते आणणं हासुद्धा एखाद्याचा पोटापाण्याचा धंदा असू शकतो, हे माझ्या सासऱ्यांना अखेरपर्यंत पटलं नाही. "म्हणजे जावईबापू, बोलणार दुसरा, ऐकणार तिसरे, मग पगार तुम्हाला कशाचा?" असं ते दर दिवाळीला विचारायचे. मीही दर दिवाळीला काहीतरी वेगळं उत्तर ठोकून द्यायचो. आता निवृत्त झाल्यावर, कुणी विचारत नसताना, खरं उत्तर लिहायला बसलो आहे.

आमच्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, एका शिक्षणसंस्थेचं छोटं खगोल केंद्र होतं. गच्चीवर एक दुर्बीण आणि खाली एक सभागृह. तिथं मी कार्यक्रम अधिकारी होतो. दर महिन्याला आकाशाविषयी बोलणारा कुणीतरी माणूस शोधायचा, त्याला चिकलठाण्याच्या विमानतळावरून नाहीतर स्टेशनवरून घेऊन यायचं, जेवू घालायचं, लोकांसमोर उभं करायचं आणि धड परत पाठवायचं, एवढं माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण वक्ता हा नाजूक माल असतो. एकाला बोलण्याआधी जेवलं की पेंग येते, दुसऱ्याला जेवल्याशिवाय शब्द फुटत नाही. एका नामांकित शास्त्रज्ञांना पडदाबिडदा चालायचा नाही, खडू-फळाच पाहिजे. त्यांच्यासाठी आम्ही शहराच्या छावणी भागातल्या एका शाळेतून हातगाडीवर फळा आणला, आणि हे गृहस्थ दीड तास त्या फळ्याशीच बोलले. श्रोत्यांना त्यांच्या सदऱ्याची मागची शिवण तेवढी नीट बघायला मिळाली.

श्रोते हे आणखी वेगळं प्रकरण. छावणीत राहणारे एक निवृत्त सुभेदार एकही व्याख्यान चुकवायचे नाहीत. विषय कृष्णविवराचा असो की धूमकेतूचा, प्रश्नोत्तरं सुरू झाली की पहिला हात त्यांचा. "सर, ते सगळं ठीक आहे. पण माझ्या नातीला मंगळ आहे, त्याचं काय करायचं?" मोठमोठे विद्वान या प्रश्नावर गडबडून जात. कुणी हसण्यावारी नेई, कुणी अंधश्रद्धेवर दहा मिनिटं झोडपून काढी. सुभेदार शांतपणे खाली बसायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न घेऊन हजर व्हायचे.

एका महिन्यात बाहेरचा वक्ता आयत्या वेळी आला नाही. मी शहरातल्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुमन गव्हाणे यांना हातापाया पडून बोलावलं. सुभेदारांचा हात वर गेला, प्रश्न आला. मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत.

"सुभेदारसाहेब, पोरगी काय करते?"

"बँकेत आहे."

"मंगळाला ते ठाऊक हाय का? त्यो बिचारा इतका लांब. दोन वर्षांतून एकदा जवळ येतो, तवा बी आपल्याकडं बघत नाय. तुम्ही असं करा, सोयरीक आली का पोराकडच्या लोकांना इथं गच्चीवर घेऊन या. मी दुर्बिणीतून मंगळ दाखविते. त्यांना सोता बघू द्या, अन् मग त्याला भिऊन नाय म्हनायचं असंल तर म्हनू द्या."

सभागृह हसलं, सुभेदारही हसले. पण पुढं ते खरंच पाहुण्यांना घेऊन गच्चीवर आले. मुलाच्या आईनं दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाली, "एवढासा?" लग्न ठरलं. त्या लग्नात मॅडमना आहेर झाला, आणि सुभेदारांनी पुढच्या महिन्यापासून गुरूविषयी विचारायला सुरुवात केली.

गव्हाणे मॅडम मूळच्या शहराजवळच्या शेंद्र्याच्या, शेतकरी घरातल्या. औद्योगिक वसाहत येण्याआधीच्या शेंद्र्याच्या. ताऱ्यांच्या बदलत्या तेजावर त्यांची पीएच.डी. आहे. वर्गात शुद्ध मराठी, चर्चासत्रात उत्तम इंग्रजी. पण साध्या लोकांसमोर उभ्या राहिल्या की जिभेवर घरची बोली यायची, आणि ती आली की त्यांच्या बोलण्यात जीव यायचा.

आता आमच्या धंद्यातली एक खूण सांगतो. व्याख्यान चांगलं चाललंय की नाही हे बघायला वक्त्याकडं बघायचं नसतं, श्रोत्यांच्या पायांकडं बघायचं. आमच्याकडं माणूस खुर्चीवर बसला की चपला काढून ठेवतो. कंटाळा आला की आधी पाय चपला शोधायला लागतात, मग माणूस उठतो. मी नेहमी शेवटच्या रांगेत बसून खुर्च्यांखालून पाय बघत असे. गव्हाणे मॅडमच्या व्याख्यानात पाय हललेले मला आठवत नाहीत. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांचं पाळी सुटल्यावर भाषण ठेवलं होतं. फाटकाबाहेर कामगारांच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला. शेवटी तोच आत येऊन ऐकत उभा राहिला.

अशी बोलणारी बाई आमच्याच शहरात होती, आणि शहराबाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं. हे मला लागायचं.

देशातली एक जुनी खगोल संस्था दर वर्षी एका वक्त्याला आपल्या मोठ्या सभेत मानाचं व्याख्यान द्यायला बोलावते. त्या व्याख्यानासाठी निवड होणं म्हणजे आकाशाविषयी बोलणाऱ्यांच्या जगातला सर्वांत मोठा सन्मान. वेधशाळांचे संचालक, परदेशात शिकवून आलेले प्राध्यापक, अशी माणसं तिथं बोलून गेलेली. मराठवाड्यातलं कुणीही नाही. आणि गंमत अशी की या सन्मानासाठी स्वतः अर्ज करता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी नाव सुचवावं लागतं, आणि ज्याचं सुचवायचं त्याची संमती घ्यावी लागते.

मी मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाल्या.

"कुलकर्णी सर, मी मराठवाड्याबाहेर बोलायची नाय. एकदा बोलले, तेवढं पुरे."

ती हकीकत मला तोवर ठाऊक नव्हती. काही वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात त्यांना चर्चासत्राला बोलावलं होतं. लोकांना विज्ञान कसं सांगावं, हाच विषय. त्यांनी उत्साहानं हिंदी-मराठीत शेंद्र्याच्या विहिरीची गोष्ट सांगायला घेतली. पाच मिनिटांत अध्यक्षांची चिठ्ठी आली, कृपया इंग्रजीत बोला. त्या बोलल्या. टाळ्या वाजल्या. नंतर चहाच्या टेबलावर कुणीतरी कुणालातरी म्हणालं की विद्वान दिसतात, पण उदाहरणं अगदीच गावंढळ. बोलणाऱ्याला कळलं नाही की मॅडम मागंच उभ्या होत्या.

"इंग्रजीत मी चुकत नाय सर," त्या म्हणाल्या. "पण तिथं बोलत होती ती मी नव्हतेच. तिथून आल्यावर दोन महिने वर्गात सुद्धा आवाज फुटंना. परत तसं व्हायला नको."

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण वक्ता मिळवायला निघालेला माणूस सहजी गप्प बसत नाही. मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही इथं जशा बोलता तशाच तिथं बोलणार, अशी अट घालून संमती द्या. त्यांना नको असेल तर ते निवडणार नाहीत. पण त्यांना ठरवू द्या, तुम्ही आधीच ठरवू नका." त्यांनी संमतीचा कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, "अट लिहून घ्या. बोलंन तर अशीच बोलंन." आणि सही केली. त्या सहीनं माझ्यावर केवढी जबाबदारी आली ते मला रिक्षात बसल्यावर कळलं. आता जर नकार आला, तर तो त्यांच्या इंग्रजीला नव्हे, त्यांच्या खऱ्या बोलण्याला आलेला नकार ठरणार होता.

शिफारस लिहायची होती दोन पानांची. आमच्या घरात अर्ज लिहिणं पिढीजात. वडील निजामाच्या राजवटीत तहसील कचेरीबाहेर बसून उर्दूत दरखास्ती लिहायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, कचेरीची भाषा बदलली, वडिलांनी मराठीत लिहायला घेतलं. लिपी बदलली तरी अदब तीच. अर्जदाराला कितीही साधी बैलजोडी हवी असो, आधी चार ओळी साहेबांच्या इन्साफाची तारीफ. त्यात मी पडलो सभांचा सूत्रसंचालक. मानपत्रं लिहिण्यात माझा हात धरणारा शहरात कुणी नव्हता. तेव्हा मी बसलो आणि झकास दोन पानं लिहिली. मराठवाड्याच्या नभांगणातील तेजस्वी तारका, ज्ञानाचा अखंड झरा, नम्रतेची मूर्ती वगैरे वगैरे. फार खूश होऊन मॅडमना वाचून दाखवली.

त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग विचारलं, "सर, ही बाई कधी वारली?"

माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी चहा टाकला. चहा घेताना म्हणाल्या, "यात मी काय करते ते कुठंच नाय. मंगळाचं लिहा, बसवाल्याचं लिहा. झऱ्याचं कशाला?" मी ती पानं बाजूला ठेवली आणि नवीन लिहायला घेतलं. एकही विशेषण वापरायचं नाही असं ठरवून लिहिताना मला घाम फुटला. सवयच नव्हती. पण शेवटी जे झालं ते मला आजही चांगलं वाटतं. त्यात सुभेदार होते, मुलाची आई होती, हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर होता आणि खुर्च्यांखालचे पायही होते.

उत्तर आलं. शेवटच्या फेरीत नाव आलं होतं. आता त्यांचा एक परीक्षक येऊन प्रत्यक्ष व्याख्यान ऐकणार होता. नियम कडक होते. परीक्षकानं श्रोत्यांत साधेपणानं बसायचं, त्याची ओळख कुणाला द्यायची नाही, चहापाण्यापलीकडं त्यानं काही स्वीकारायचं नाही. व्याख्यानाचं चित्रीकरणही पाठवायचं होतं.

मॅडमनी दिवस निवडला मे महिन्यातला, शून्य सावलीचा. हे काय असतं ते थोडक्यात सांगतो. सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो असं आपण म्हणतो, पण तसा तो आपल्या गावी वर्षातून दोनदाच येतो. त्या दुपारी सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी जाते आणि दिसेनाशी होते. तेही मिनिट-दोन मिनिटं. आमच्याकडं घड्याळाच्या बारानंतर, साडेबाराच्या थोडं आधी. दुसरा दिवस जुलैत येतो, तो बहुधा ढगात जातो. मॅडमचं व्याख्यान असं बांधलेलं होतं की तासभर सभागृहात बोलायचं, आणि गोष्ट ऐन रंगात आली की सगळ्यांना पटांगणात न्यायचं आणि सावली जाताना दाखवायची.

सगळं नीट ठरलं होतं. फक्त एक गोष्ट मला आवरता आली नाही, ती म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सगळं शहर दादासाहेब म्हणायचं. दिलदार माणूस, पण सत्काराशिवाय त्यांना सभा ही सभाच वाटायची नाही. मी त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं की परीक्षक येणार आहेत, पण गुपचूप.

"गुपचूप?" दादासाहेब म्हणाले. "एवढा मोठा माणूस आपल्या दारात येणार, अन् आपण त्याला मागच्या खुर्चीवर बसवायचं? लोक काय म्हणतील?"

"दादासाहेब, तसा नियमच आहे."

"नियम त्यांच्याकडं. पाहुणा आपल्याकडं."

मला वाटलं, मी समजावलंय. त्या दिवशी सभागृह भरलं. परीक्षक आले. निवृत्त खगोलशास्त्रज्ञ, मूळचे नागपूरकडचे, मराठी उत्तम, अंगात साधा बुशशर्ट. शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसले. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. मग दादासाहेबांनी स्वतः ध्वनिवर्धक हातात घेतला आणि सांगितलं की आज आपल्यात एक थोर पाहुणे लपून बसले आहेत, पण मराठवाडा पाहुण्याला लपू देत नाही. दोन तगडे कार्यकर्ते मागं आले. परीक्षकांच्या दंडाला धरून त्यांना व्यासपीठावर नेलं. शाल, श्रीफळ, हार आणि वर फेटा. फेटा बांधणारा माणूस खास बोलावलेला. त्यानं मनापासून, सावकाश, तुरा काढून बांधला.

मग एकाचा सत्कार झाला म्हणून दुसऱ्याचा. प्राचार्य, माजी प्राचार्य, देणगीदार, देणगीदारांचे बंधू. सूत्रसंचालक म्हणून मीही व्यासपीठावर, परीक्षकांच्या शेजारी येऊन बसलो होतो; तिथून दोनदा घड्याळाकडं बोट केलं. दादासाहेबांना वाटलं, वेळेत चाललंय असं मी सांगतोय. ते आता संस्थेच्या वाटचालीवर बोलायला उभे राहिले होते.

परीक्षक हळूच माझ्या कानाशी वाकले. फेट्याचा तुरा माझ्या डोळ्यात गेला. "कुलकर्णी, नियमाप्रमाणे मी इथं आलेलोच नाही. आणि तुम्ही माझ्या डोक्यावर एवढं कापड गुंडाळलंत. हार-शाल घेतलेल्या माणसाला मत देता येत नाही. मला हे कळवावं लागेल."

मी मॅडमकडं पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं. त्या व्यासपीठाच्या कोपऱ्यात, अजून एक शब्दही न बोलता बसल्या होत्या. खिडकीतून पटांगण दिसत होतं. झाडांच्या सावल्या पार बुंध्याशी आल्या होत्या.

मॅडम उठल्या. सरळ दादासाहेबांपाशी गेल्या.

"दादासाहेब, तुमचं बोलनं तोडायची माझी टाप नाय. पण सूर्य डोक्यावर आलाय. त्याला शाल देऊन बसवून ठेवता येत नाय. आत्ता पाच मिंटात सावली जानार, अन् मग थेट जुलैत, तवा ढग असतेत. चला सगळे भाईर."

दादासाहेबांचं बोलणं मध्येच तोडायची हिंमत त्या शहरात तोवर कुणी केली नव्हती. त्यांनी मॅडमकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, आणि म्हणाले, "अहो, मग आधी नाही का सांगायचं! चला, चला!" आणि सगळ्यांच्या आधी तेच पायऱ्या उतरले.

पटांगणात मॅडमनी शेतातल्या पाण्याच्या पाईपचा दोन हात लांबीचा तुकडा उभा करून ठेवला होता. गवंड्याचा ओळंबा लावून तो सरळ केलेला. सगळे भोवती गोळा झाले. ऊन असं की जमिनीवर पाय ठरत नव्हता. पाईपची सावली बोटभर राहिली, मग नखाएवढी, मग नाहीच. कुणीतरी आपल्या पायाकडं बघितलं आणि ओरडलं. मग सगळेच आपापली सावली शोधायला लागले. दादासाहेब स्वतःभोवती गोल फिरून बघत होते.

आणि मॅडम बोलायला लागल्या. पडदा नाही, चित्रं नाहीत, ध्वनिवर्धकही नाही.

"मी ल्हान असताना अशाच दुपारी आमच्या विहिरीत वाकून बघितलं. तर तळाला सूर्य! मी वरडले, आये, सूर्य पडला विहिरीत! आईनं पाठीत एक धपाटा घातला, वाकू नको म्हनून. तिकडं मिसर देशात, दोन हजार वर्षांआधी, एका मानसाच्या कानावर असंच आलं. का एका गावात विहिरीत सूर्य दिसतो, अन् त्याच दुपारी याच्या गावात काठीला सावली पडते. त्याच्या पाठीत कुनी धपाटा नाय घातला, म्हनून त्यानं पृथ्वी मोजून काढली. आज आपन मोजू."

त्यांनी फोन काढला. धाकटा भाऊ फौजेत, तेव्हा पठाणकोटला. पठाणकोट आमच्या शहराच्या जवळजवळ सरळ उत्तरेला येतं, म्हणून दोन्हीकडं मध्यान्ह एकाच वेळी. त्यानं तिकडं तेवढाच पाईप उभा केला होता. फोनचा आवाज मोठा करून मॅडमनी तो उंच धरला.

"भाऊ, सावली किती?"

"आक्का, जेमतेम वीतभर. थोडी कमीच."

मॅडमनी आपली वीत पसरून सगळ्यांना दाखवली. "बघा. दिवस त्योच, घडी तीच, सूर्य त्योच. पाईप तेवढाच, अन् दोन्ही सरळ उभे. इथं सावली नाय, अन् तिथं वीतभर. मग वाकडं कोन?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मागून एक बाई म्हणाली, "जमीन?"

"व्हय गं माय! जमीन! आपल्या पायाखालची जमीन वाकडी हाय. अन् किती वाकडी, ते ह्या वितीत हाय."

मग त्यांनी लोकांकडूनच हिशोब करवून घेतला. वीतभर सावलीचा कोन किती, पठाणकोट किती लांब, एवढ्या लांबीला एवढा कोन तर पूर्ण गोलाला किती. शाळेतलं त्रैराशिक. एका बँकेच्या कॅशिअरनं उत्तर मोठ्यानं सांगितलं, आणि मॅडमनी पृथ्वीचा पुस्तकातला घेर सांगितला, तेव्हा पटांगणात जो आरडाओरडा झाला तो एखाद्या क्रिकेटच्या सामन्यातच ऐकू येतो. त्यानंतरही त्या बोलत राहिल्या. सावल्या पुन्हा फुटल्या, लांबायला लागल्या, तरी भर मे महिन्याच्या दुपारी माणसं हलेनात. मी खाली पाहिलं. बरेच जण चपला आतच विसरले होते.

परीक्षक सगळ्यांत पुढं उभे होते. व्याख्यान संपल्यावर त्यांनी शाल आणि नारळ सर्वांसमोर दादासाहेबांच्या हातात परत दिले. "हे नियमात बसत नाही, माफ करा. फेटाही परत करतो," ते म्हणाले, "पण सावलीत गेल्यावर." दादासाहेबांना तोवर आपण काय केलं ते कळलं होतं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांचीच दया आली.

परीक्षकांनी सगळं खरं खरं कळवलं. आपला सत्कार झाला, म्हणून आपण मत देणार नाही, समितीनं चित्रीकरण बघून ठरवावं. आता चित्रीकरणाची कथा. ते करायला आम्ही बोलावलेला माणूस लग्नाचं शूटिंग करणारा. त्यानं पटांगणातही लग्नासारखंच शूटिंग केलं होतं. मॅडम बोलतायत आणि हा वऱ्हाडी टिपावेत तसे श्रोत्यांचे चेहरे टिपतोय. आ वासलेले, हसणारे, बोटं मोजणारे, डोळ्यांवर पदर धरून वर बघणारे. मला वाटलं, संपलं. नंतर परीक्षकांनीच मला सांगितलं की समितीनं आजवर वक्त्यांचीच चित्रीकरणं बघितली होती, ऐकणाऱ्यांचं पहिल्यांदाच बघितलं. एका सदस्यांना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी आवाज बंद करून नुसते चेहरे बघितले आणि मत दिलं.

निवड झाली. अटीसकट झाली. त्यांच्या पत्रात स्पष्ट होतं की वक्त्यानं आपल्या भाषेत बोलावं, भाषांतराची सोय संस्था करेल. मी ते मॅडमच्या घरी नेऊन दिलं. ते घेऊन त्या आत गेल्या, आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसत बाहेर आल्या.

एक खंत आहे ती इथंच सांगतो. मॅडमसारखे आणखी दोघे-तिघे माझ्या ओळखीत होते. जालन्याचे एक शाळामास्तर होते, ग्रहणावर असे बोलायचे की बायका भांडी घासायची टाकून ऐकत. त्यांचं नाव कुठं सुचवावं हे मला सुचलंच नाही. आपलं काम वक्ता आणून उभा करण्यापुरतं, असं मी किती तरी वर्षं समजत राहिलो. ते गेले, आता फक्त आमच्यासारख्यांच्या आठवणीत आहेत.

मानाचं व्याख्यान दक्षिणेत, त्याच मोठ्या शहरात होतं. सभागृह एवढं की मागची माणसं दिसत नव्हती. तिथं प्रथा अशी की ज्यानं नाव सुचवलं त्यानंच वक्त्याची ओळख करून द्यायची. मी आयुष्यभर परिचय करून दिलेत, शेकड्यांनी. या वेळी पूर्ण पान लिहून खिशात ठेवलं होतं. व्यासपीठावर गेलो. मॅडम शेजारी उभ्या होत्या. नवी इरकल साडी, हाताची बोटं एकमेकांत घट्ट. मी एवढंच म्हणालो, "ह्या डॉ. सुमन गव्हाणे. शेंद्र्याच्या. मी आणखी बोललो तर त्यांचा वेळ जाईल." आणि खाली येऊन बसलो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत छोटा परिचय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पहिली दोन-चार वाक्यं त्यांचा आवाज थरथरत होता. पुस्तकी मराठी येत होती. मग त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "मी ल्हान असताना आमच्या विहिरीत सूर्य पडला." शेजारी उभ्या असलेल्या भाषांतरकार बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं.

तिथून पुढं हॉलमध्ये एक मजा सुरू झाली. मॅडम काही बोलल्या की आधी मराठी कळणारे थोडेसे लोक हसायचे. मग बाई इंग्रजीत सांगायच्या आणि उरलेला सगळा हॉल हसायचा. प्रत्येक हशा दोनदा. आईचा धपाटा दोनदा, मिसरचा माणूस दोनदा. मॅडमना त्याचा अंदाज आला आणि त्या दुसऱ्या हशासाठी थांबायला लागल्या. त्यांची बोटं सुटली, हात चालायला लागले, वीत पसरून त्या पार पुढं आल्या.

"मग वाकडं कोन?" त्यांनी विचारलं, आणि पायानं व्यासपीठ ठोकलं.

हॉल हसला. एकदाच, सगळा. भाषांतरकार बाई अजून तोंड उघडत होत्या.